सीट किती अँगलची ते नंतर, हेड पुन्हा कधी उघडणार ते आधी ठरव

भावा, तुझा प्रश्न दोनदा वाचला. मला जसा समजला तसा आधी मांडतो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. गाडी मारुती एस्टीम १.३, सोळा व्हॉल्व्हची (म्हणजे हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा), पावणेदोन लाख किलोमीटर झालेली, दोन सिलिंडरचं कॉम्प्रेशन पडलं म्हणून हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, उतरवलंय. गाडी रोजच्या वापरातली, आठवड्यातून दोनदा नाशिक-पुणे, आणि वर्षातून दोन-तीन वेळा ड्रॅगला, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीला, उतरवायची तुझी हौस. आता व्हॉल्व्ह बंद होताना हेडमधल्या ज्या गोल कडेवर टेकतो ती सीट नव्यानं कापायची आहे. एका शॉपवाल्यानं सांगितलं की फाइव्ह अँगल करू, म्हणजे पाच वेगवेगळ्या कोनांचे कट मारू, सीट ५० डिग्रीची आणि रुंदी पाऊण मिलिमीटर, कारण रेसच्या गाड्यांना तसंच असतं. तुमच्या गल्लीतला जुना लेथवाला म्हणतो ४५ चं साधं थ्री अँगल मारून देतो, दहा वर्षं बघायला नको. आणि तू विचारतोयस की दोघांतला कोण बरोबर.

दोघंही आपापल्या गिऱ्हाइकाच्या दृष्टीनं बरोबर आहेत, पण दोघांनीही तुला एक गोष्ट विचारली नाही. हे हेड तू परत कधी उघडणार? दर दोन रेसनंतर उघडून बघायची तयारी असेल तर उत्तर वेगळं, आणि लाखभर किलोमीटर हात लावायचा नसेल तर वेगळं. मी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात सव्वीस वर्षं हेडचंच काम करतोय, सुरुवात ऑइल इंजिनच्या हेडांवर झाली, मग जीप, टेम्पो, मग गाड्या, आणि गेली पंधराएक वर्षं रेसवाल्या पोरांची हेडंही येतात. एवढ्या वर्षांत जी हेडं परत आली त्यातली बहुतेक अँगल चुकला म्हणून नाही आली. रस्त्याच्या गाडीला रेसची सीट मारली म्हणून आली, नाहीतर गाईड, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीत सरकते ती नळी, ढिला ठेवून सीट कापली म्हणून आली.

आता मुळातून सांगतो, कारण कारण कळलं की आकडे पाठ करावे लागत नाहीत.

सीटकडे सगळे हवेची वाट म्हणून बघतात. ती आहेच, पण तिची आणखी दोन कामं आहेत. एक, कॉम्प्रेशन आणि जळणाचा दाब अडवून धरायचा. दुसरं, व्हॉल्व्हची उष्णता हेडमध्ये सोडायची. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या, म्हणजे जळका वायू बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या तोंडावरची साधारण पाऊण उष्णता सीटमधूनच बाहेर पडते, बाकीची स्टेममधून, म्हणजे दांडीतून, गाईडला जाते. जोरात पळणाऱ्या इंजिनात हा व्हॉल्व्ह सातशे-आठशे डिग्री सेल्सिअसपर्यंत तापतो आणि त्याला गार व्हायची मोठी संधी सीटवर टेकलेला असतो तेवढ्याच वेळात मिळते. ६००० आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला पन्नास वेळा उघडतो आणि पन्नास वेळा सीटवर येऊन बसतो. व्हॉल्व्ह उघडते ती कॅम, आणि तो क्रँकच्या किती डिग्री उघडा राहतो ते तिचं माप. साधी २५० डिग्रीची कॅम धरली तर दोन फेऱ्यांच्या ७२० पैकी ४७० डिग्री तो टेकलेला असतो, म्हणजे दोन तृतीयांश वेळ. तीच कॅम ३०० डिग्रीची केली की ४२० राहतात. आता बघ, रेसवाला काय करतो, कॅम मोठी टाकून टेकायचा वेळ कमी करतो आणि वर सीट बारीक करून टेकायची जागाही कमी करतो. त्याला ते चालतं, कारण त्याचं इंजिन वीस-पंचवीस मिनिटं पळतं आणि मग उघडतं. तू मात्र चंदनापुरी घाटात चार माणसं बसवून, एसी लावून, एप्रिलच्या उन्हात तेच इंजिन चालवणार आहेस.

जागेचा हिशोब करून दाखवतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा संपर्क २५ मिमी व्यासावर आहे असं धर. सीट दीड मिलिमीटर रुंद असेल तर टेकणारी जागा साधारण ११८ चौरस मिमी. तीच ०.८ केली की ६३. जवळपास निम्मी. उष्णता तेवढीच, जायचा दरवाजा निम्मा.

आणि रुंदी कमी करून मिळतं काय? ४५ डिग्रीवरची दीड मिमीची सीट एक मिमी केली तर त्रिज्येत साधारण ०.३५ मिमी मोकळे होतात, म्हणजे व्यासात ०.७. इनटेकला, म्हणजे हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला, हे घेण्यासारखं आहे, कारण इनटेक व्हॉल्व्हवरून दर फेरीला गार हवा-पेट्रोल जातं, तो मुळातच थंड असतो. म्हणून मी इनटेकला कंजूषपणा करतो आणि एक्झॉस्टला हात सैल ठेवतो. रस्त्याच्या गाडीला इनटेक १.१ ते १.३, एक्झॉस्ट १.५ ते १.८. नुसत्या रेसच्या इंजिनला इनटेक ०.८ ते १.०, एक्झॉस्ट १.२ च्या खाली शक्यतो नाहीच. तुला पाऊण मिलिमीटर सांगितलं ते इनटेकला म्हणून असेल तर रेसच्या हिशोबानं समजू शकतो, दोन्हींना असेल तर अजिबात करू नकोस.

हे मी एवढं ठासून सांगतोय त्याला कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी सांगलीकडचा एक पोरगा असंच हेड घेऊन आला होता, कोइंबतूरच्या कारी ट्रॅकवर पळायचं होतं. एक्झॉस्टची सीट एक मिमीच्या आत घे म्हणून हट्टच धरून बसला, मी घेतली. ट्रॅकवर इंजिन छान पळालं, पोरगा खूश, मी पण खूश. पुढं त्यानं ती गाडी भावाला दिली, भावानं सीएनजी किट बसवलं आणि रोज चालवायला लागला. चौथ्या महिन्यात गाडी तीन सिलिंडरवर. हेड उघडलं तर दोन नंबरचा एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, भाकरीची कड मोडून घ्यावी तसा एका बाजूनं खाल्लेला, आणि त्या जागी सीटवर काळी-निळी पट्टी. चूक माझीच होती. गाडीचं पुढं काय होणार हे मी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून काम घेताना माझा पहिला प्रश्न हाच असतो आणि दुसरा प्रश्न सीएनजी आहे का. तुझ्या गाडीला सीएनजी आहे की नाही हे तू लिहिलेलं नाहीस, ते सांग, खाली त्याबद्दल वेगळं लिहितो.

आता ५० डिग्री. डिग्री मोजायची ती व्हॉल्व्हच्या सपाट तोंडाच्या पातळीपासून, म्हणजे ३० डिग्री म्हणजे पसरट, ५० म्हणजे जास्त उभी. व्हॉल्व्ह एक मिमी उचलला तर व्हॉल्व्ह आणि सीटमधली खरी फट एक मिमी नसते, ती तिरकी मोजावी लागते. ३० च्या सीटला ०.८७ मिमी, ४५ ला ०.७१, ५० ला ०.६४, ५५ ला ०.५७. म्हणजे व्हॉल्व्ह नुकताच उघडतोय किंवा बंद होत आलाय तेव्हा ५० ची सीट ४५ पेक्षा साधारण नऊ टक्के फट कमी देते. तिचा फायदा वर येतो, व्हॉल्व्ह खूप उचलला की हवा पोर्टमधून, म्हणजे हेडमधल्या हवेच्या वाटेतून, सरळ खाली यायला लागते आणि उभ्या सीटवरून तिला वळण कमी घ्यावं लागतं.

मग प्रश्न एवढाच की तुझी कॅम व्हॉल्व्हला किती उचलते. एक साधा हिशोब लक्षात ठेव, व्हॉल्व्हच्या व्यासाच्या पाव भागाएवढी लिफ्ट (म्हणजे उचल) झाली की व्हॉल्व्हच्या कडेनं उघडलेली जागा आणि व्हॉल्व्हच्या तोंडाचं क्षेत्रफळ सारखं होतं. ३० मिमीचा व्हॉल्व्ह असेल तर साडेसात मिमीला. त्याच्या आत सीट आणि तिच्या वरखालचे कट यांचं राज्य, त्याच्या बरंच वर गेलं की पोर्टचं राज्य. ५० ची सीट माझ्या अनुभवात तेव्हा पैसे वसूल करते जेव्हा लिफ्ट व्यासाच्या एक तृतीयांशाच्या आसपास किंवा पुढं जाते, पोर्टचं काम झालेलं असतं आणि इंजिन वरच्या आरपीएमलाच राहतं. कंपनीच्या कॅमवर ते होत नाही. शिवाय व्हॉल्व्ह वर जाताना आणि खाली येताना प्रत्येक लिफ्टवरून दोनदा जातो, सगळ्यात वरच्या टोकाला मात्र एकदाच पोचतो. त्यामुळं रस्त्याच्या इंजिनाला मधल्या लिफ्टची हवा जास्त कामाची, आणि ५० ची सीट नेमकी खालच्या लिफ्टची हवा कापते.

रेसमध्ये तीच गोष्ट उलट कामी येते हे पण सांगतो, नाहीतर तुला वाटेल ५० वाले वेडे आहेत. मोठ्या कॅमला ओव्हरलॅप खूप असतो, दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी थोडे थोडे उघडे असतात, आणि कमी आरपीएमला एक्झॉस्टचा वायू इनटेककडं उलटा घुसतो. उभी सीट त्या वेळची फट कमी ठेवते, उलटं घुसणं थोडं आवरतं. पण याची किंमत असते. उभ्या सीटवर व्हॉल्व्ह पाचरीसारखा बसतो. स्प्रिंगचा आणि दाबाचा तोच जोर ४५ ला सीटवर साधारण १.४ पट होऊन पडतो, ५० ला दीड पटीच्या वर, ५५ ला पावणेदोन पट. सीट लवकर झिजते, व्हॉल्व्हचा फेस, म्हणजे सीटवर टेकणारी त्याची तिरकी कड, लवकर खड्ड्यात जातो. रेसवाला दर काही रेसनंतर परत कट मारतो, त्याला फरक पडत नाही.

३० ची सीट याच्या बरोबर उलट. पसरट, फट जास्त, जोर कमी पडतो म्हणून झीज कमी. जुन्या डिझेल, ट्रॅक्टर आणि जड वाहनांच्या इनटेकला ती दिसते. पण ती ४५ सारखी आपोआप मध्ये येऊन बसत नाही, काजळीचा कण अडकला तर कापून काढत नाही. म्हणून पेट्रोल गाडीला ४५ ही तडजोड जगभर टिकली आहे.

मग तुझ्यासाठी ४५. आता अँगल किती, तीन का पाच, यावर लोक उगाच भांडतात. मधली ४५ ची पट्टी हीच खरी सीट. तिच्या वरचा कट, चेंबरच्या (जिथं पेट्रोल जळतं त्या पोकळीच्या) बाजूचा, साधारण ३० चा, आणि खालचा, पोर्टच्या बाजूचा, ६० चा. हे झालं थ्री अँगल. हवा एका दमात फार वळत नाही, दोन कटमध्ये पंधरा डिग्रीपर्यंतचा फरक असेल तर ती भिंतीला धरून राहते, त्याहून मोठा कोन आला की सुटते आणि भोवरे होतात. ३०, ४५, ६०, प्रत्येकी पंधराचा फरक, म्हणून हे आकडे. आता ६० च्या खाली पोर्टची भिंत जवळपास उभी म्हणजे ९० ला आहे. मध्ये तीस डिग्रीचा कोन राहिला. तिथं ७५ चा एक कट दिला की तो मोडतो. हा चौथा अँगल मी रस्त्याच्या गाडीलाही देतो, पाच मिनिटांचं काम आहे आणि तोटा काही नाही. पाचवा म्हणजे वर ३० च्या बाहेर पंधराचा एक, चेंबरमध्ये मिसळायला. चेंबरमध्ये जागा असेल तरच त्याला अर्थ आहे, सोळा व्हॉल्व्हच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह एकमेकांना खेटून असतात, तिथं बऱ्याचदा हा कट मारायला धातूच उरत नाही.

बरेच जण सगळे अँगल एकाच पात्यावर घेऊन एका झटक्यात मारतात. मशीन चांगलं असेल, सर्डी किंवा सनेनसारखं, तर काम सुंदर येतं आणि सगळ्या सीट सारख्या येतात. पण पातं ज्या इंजिनासाठी घासलंय त्याच मापाला ते बरोबर. दुसऱ्या व्हॉल्व्हला तेच पातं लावलं की रुंदी बरोबर येते आणि जागा चुकते. शॉपवाल्याला विचार की पातं तुझ्या व्हॉल्व्हच्या व्यासाला धरून निवडणार का जे आहे ते लावणार. त्याच्या उत्तरावरून तुला बरंच कळेल.

एक्झॉस्टबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. तिथं वायू उलट्या दिशेनं जातो, चेंबरमधून सीटवरून पोर्टमध्ये, म्हणून ४५ च्या खालच्या बाजूला कडक कोनांपेक्षा गोलाई असलेली मला बरी वाटते. हाताच्या कटरनं काम करत असशील तर ६० आणि ७५ मारून मधली धार बारीक एमरीनं नुसती मोडली तरी पुरे. ४५ च्या पट्टीला मात्र एमरी लागता कामा नये.

आता जागा, जी रुंदीपेक्षाही महत्त्वाची आहे आणि जिच्याकडं निम्मे लोक बघतच नाहीत. व्हॉल्व्हच्या फेसवर सीट कुठं टेकते? मला ती बाहेरच्या कडेच्या जवळ हवी, पण कडेला टेकलेली नको, बाहेर साधारण ०.३ ते ०.५ मिमी फेस मोकळा राहिला पाहिजे. अगदी कडेला टेकली तर पातळ कड तापून जळते. फार आत टेकली तर व्हॉल्व्हचा व्यास वाया गेला, वीस रुपयांचा व्हॉल्व्ह घालून अठराचं काम. ही जागा सरकवायची युक्ती सोपी आहे. वरचा ३० चा कट जास्त मारला की संपर्क आत सरकतो, खालचा ६० चा जास्त मारला की संपर्क बाहेर सरकतो. दोन्हीनं पट्टी बारीकच होते. म्हणून आधी ४५ जरा रुंद मारायची, मग निळा लावून बघायचं, आणि मग कुठून खायचं ते ठरवायचं.

निळा म्हणजे मार्किंग ब्लू. व्हॉल्व्हच्या फेसवर बोटानं अगदी पातळ थर द्यायचा, इतका पातळ की खालचा धातू दिसला पाहिजे. व्हॉल्व्ह गाईडमध्ये सोडायचा, वरून अंगठ्यानं दाबायचा, आठ-दहा डिग्री फिरवायचा, उचलायचा. सीटवर पूर्ण गोल निळी रेघ उठली पाहिजे, सगळीकडं सारख्या रुंदीची. कुठं तुटली असेल तर घासून भरून काढायच्या नादाला लागायचं नाही, कारण शोधायचं. दहापैकी आठ वेळा कारण गाईडमध्ये असतं.

आणि इथंच तुझ्या पावणेदोन लाखांचा मुद्दा येतो. तू सीटबद्दल एवढं विचारलंस आणि गाईडबद्दल एक शब्द नाही. कटरला मध्यावर धरणारी दांडी, म्हणजे पायलट, गाईडमध्ये बसतो. गाईड जर घंटीच्या तोंडासारखा दोन्ही टोकांना पसरला असेल तर पायलट तिरका बसणार, सीट तिरक्या मध्यावर गोल कापली जाणार, आणि नंतर व्हॉल्व्ह आपल्या मध्यावर बसायला जाणार. दोघांचे मध्य जुळले नाहीत तर व्हॉल्व्ह दर वेळी बसताना थोडा वाकतो. सोळा व्हॉल्व्हच्या हेडची स्टेम पातळ, ती वाकवून वाकवून तोंडाच्या मानेपाशी तुटते, आणि मग पिस्टन, हेड, सगळंच गेलं. म्हणून क्रम असा: आधी गाईड तपासायचे, ढिले असतील तर बदलायचे आणि रीमर मारायचा, मग सीट. नवा गाईड ठोकल्यावर सीट कापलीच पाहिजे, जुनी कितीही छान दिसत असली तरी. सीटचा मध्य गाईडला धरून ०.०५ मिमीच्या आत पाहिजे, रेसचं इंजिन असेल तर मी ०.०२५ च्या आत आल्याशिवाय सोडत नाही. डायल लावून मोजायला सांग, समोर उभं राहून बघ. चांगला माणूस आनंदानं दाखवतो.

घासण्याबद्दल, म्हणजे लॅपिंग. आपल्याकडं काठीला रबरी कप लावून तळहातांमध्ये घुसळत बसायची पद्धत आहे, ताक घुसळल्यासारखी, आणि ती वाईट नाही, पण ती तपासणी म्हणून. बारीक पेस्टनं दहा-पंधरा सेकंद, राखाडी पट्टी नीट दिसेपर्यंत. कटर चुकला म्हणून जाड पेस्ट घेऊन अर्धा तास घासायचं म्हणजे फेसमध्ये खड्डा पाडायचा. थंड असताना ते छान बसतं, गरम झाल्यावर व्हॉल्व्ह वाढतो आणि त्या खड्ड्याच्या काठावर बसतो. काही जण व्हॉल्व्ह ४४ किंवा साडेचव्वेचाळीसला घासतात आणि सीट ४५ ठेवतात, म्हणजे सुरुवातीला बाहेरच्या कडेनं बारीक रेघेवर टेकून लवकर सील होतं. जुन्या दगडाच्या ग्राइंडरवर मी पण करायचो. असा अर्धा-एक डिग्रीचा फरक ठेवला असेल तर घासायचंच नाही, घासलं की तो फरकच जातो. टायटॅनियमचे व्हॉल्व्ह असतील तर पेस्ट जवळही आणायची नाही, वरचं कोटिंग निघतं. त्या व्हॉल्व्हना तांब्याच्या मिश्रधातूच्या सीट लागतात, त्यातल्या बेरिलियम असलेल्या सीटची धूळ फुप्फुसाला फार वाईट, मास्क आणि ओला कपडा घेतल्याशिवाय माझ्या शॉपमध्ये कोणी त्याला हात लावत नाही. तुझ्या कामात हे येणार नाही, पण वाचणाऱ्यांत कोणी बाईकच्या रेसवाला असेल तर त्यानं हे लक्षात ठेवावं.

इथवरचं एका दमात सांगतो. तुझ्या हेडला गाईड आधी, मग ४५ ची सीट, वर ३०, खाली ६० आणि ७५, इनटेक १.१ च्या आसपास, एक्झॉस्ट दीड, संपर्क फेसच्या बाहेरच्या भागात पण कडेपासून जरा आत. ड्रॅगसाठी जे हवंय ते याच कामात दुसऱ्या वाटेनं मिळतं, ते आता.

पहिलं, इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीला ३० चा बॅक कट. फेसच्या आतल्या बाजूला, जिथं सीट टेकतच नाही, तिथली धार रिफेसरवर, म्हणजे व्हॉल्व्ह घासायच्या मशीनवर, ३० डिग्रीनं घासून टाकायची. खालच्या आणि मधल्या लिफ्टला हवा सुधारते, खर्च जवळपास काही नाही, आणि आयुष्य कमी होत नाही, फक्त संपर्काच्या पट्टीत घुसू द्यायचं नाही. एक्झॉस्टला मी बॅक कट देत नाही, तिथं धातू राहिलेला बरा. दुसरं, थ्रोट, म्हणजे सीटच्या लगेच खालचं भोक. ते व्हॉल्व्हच्या व्यासाच्या ८५ ते ८८ टक्के असावं, रेसला ९० पर्यंत जातात. ३० मिमीच्या व्हॉल्व्हला २५.५ ते २६.४ मिमी. कंपनीच्या हेडमध्ये बऱ्याचदा सीट रिंग आणि ॲल्युमिनियमच्या जोडावर एक पायरी राहिलेली असते, ती पायरी गुळगुळीत मिसळून घेतली की फाइव्ह अँगलपेक्षा जास्त फरक पडतो. भोक मात्र उगाच मोठं करायचं नाही, ९० च्या पुढं गेलं की हवेला वळायला जागाच राहत नाही आणि सीटखालचा धातू पण जातो.

आता बुडालेला व्हॉल्व्ह. दर वेळी सीट कापली की व्हॉल्व्ह हेडमध्ये तेवढा खोल बसतो आणि स्टेमचं टोक पलीकडच्या बाजूला तेवढंच वर येतं. तुझ्या हेडला आधी कधी काम झालंय का ते बघ. चेंबरकडून बघितलं आणि व्हॉल्व्ह विहिरीत उतरल्यासारखा दिसला तर कितीही अँगल मारले तरी उपयोग नाही, खालच्या लिफ्टला हवा त्या विहिरीच्या काठावर आपटते. स्प्रिंग सैल होते, तिच्याखाली शिम, म्हणजे पातळ चकती, घालावी लागते. टॅपेटचा, म्हणजे रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा दांडा) आणि स्टेम यांच्यातली फट जुळवायचा स्क्रू पुरत नाही म्हणून काही जण स्टेमचं टोक घासतात, थोडंसं चालतं, पण वरचा कडक थर संपला की रॉकर ते टोक खाऊन टाकतो. अशा वेळी नवी सीट रिंग टाकणं हाच इलाज. हेड तापवायचं, रिंग थंड करायची, साधारण ०.१ मिमीच्या घट्ट मापानं बसवायची, आणि मग गाईडला धरून कापायची. व्हॉल्व्हची मार्जिन, म्हणजे फेस आणि तोंड यांच्यामधली उभी कड, ती पण बघ. इनटेकला ०.८ च्या खाली आणि एक्झॉस्टला एकच्या खाली गेली असेल तर व्हॉल्व्ह फेकून दे. पातळ कड निखाऱ्यासारखी लाल होते आणि स्पार्कच्या आधीच पेट्रोल पेटवते.

सीएनजीचं वेगळं लिहितो म्हणालो होतो. पेट्रोल द्रवरूपात येतं, व्हॉल्व्हला थोडं गार करतं, थोडा थर सोडतं. सीएनजी कोरडा वायू आहे, सीट आणि फेस धातूवर धातू आपटतात. सीट हळूहळू खाली खाली जाते आणि टॅपेटची फट कमी कमी होत जाते. लोकांना वाटतं टॅपेट वाजत नाहीत म्हणजे इंजिन छान, आणि खरं तर फट संपत आलेली असते. ती पूर्ण संपली की व्हॉल्व्ह सीटवर नीट टेकतच नाही, आणि मग वर सांगितलेली भाकरीची कड. शिसंवालं पेट्रोल २००० साली आपल्याकडं बंद झालं तेव्हा बीडाच्याच सीट असलेल्या जुन्या गाड्यांना हेच झालं होतं, शिशाचा थर उशीसारखं काम करायचा तो गेला. सीएनजी असेल तर एक्झॉस्ट १.८ पर्यंत रुंद ठेव, सीट रिंग बदलायची वेळ आली तर सीएनजीसाठीची कडक रिंग मागून घे, आणि ड्रॅगचा नाद त्या गाडीवर करू नकोस, दुसरं हेड बघ. एस्टीमचं जुनं हेड भंगारात मिळतं, त्याच्यावर हवी तेवढी बारीक सीट मार, रेसच्या आधी बदल, नंतर काढून ठेव. माझ्याकडं दोघं-तिघं असंच करतात आणि ते शहाणपणाचं आहे.

फ्लो बेंचचं, म्हणजे हेडमधून किती हवा जाते ते मोजायच्या मशीनचं, पण विचारलं होतंस. असेल तर छानच, पण कुठल्या लिफ्टला किती हवा वाढली हे सांगत नसतील आणि नुसतं "वीस टक्के वाढलं" म्हणत असतील तर पुढचं ऐकायची गरज नाही. आठ मिमीच्या कॅमवर दहा मिमीच्या लिफ्टचा आकडा तुझ्या काय कामाचा? त्यापेक्षा हेड उलटं ठेवून, प्लग लावून, चेंबरमध्ये पेट्रोल ओतून पाच मिनिटं थांब आणि पोर्टमध्ये टॉर्च मार. एक थेंब दिसला तरी काम परत.

शॉपमध्ये जाण्याआधी एवढं कर. कॅम हेडवर असतानाच एका इनटेक व्हॉल्व्हच्या रिटेनरवर, म्हणजे स्प्रिंगच्या वरच्या टोपीवर, डायल लावून पूर्ण लिफ्ट मोज, दोन्ही व्हॉल्व्हचे व्यास व्हर्नियरनं मोज, आणि व्हॉल्व्ह अर्धा बाहेर काढून तोंड डावी-उजवीकडं हलवून किती हलतंय ते बघ. हे तीन आकडे आणि सीएनजीचं उत्तर इथं टाक, मग रुंदी आणि कट मी नेमके लिहून देतो, तेच कागदावर शॉपवाल्याला दे. काम होऊन गाडी बाहेर आली की पाचशे किलोमीटरवर थंड इंजिनात टॅपेटची फट परत मोज आणि लिहून ठेव. नवीन सीट थोडी बसते, पण एखाद्या व्हॉल्व्हची फट बाकीच्यांपेक्षा ठळक कमी झालेली दिसली तर ड्रॅगला जायच्या आधी मला कळव.